दोनशे पंचवीसचा वेग आणि छत्तीस गुण

तीस वर्षं मी गरम वस्तूंना बोट लावून संसार केला. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, टीव्ही, स्टॅबिलायझर आणि नव्वद सालानंतर कॉम्प्युटर. आदिलाबादच्या बाजारात माझं दुकान होतं, एवढं लहान की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर यावं लागायचं. पाटी मीच रंगवली होती, ‘उत्तम इलेक्ट्रॉनिक्स’. नावाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, अक्षराबद्दल होती.

बोट लावणं ही थट्टा नाही, ती आमची विद्या. ऐंशीच्या सुमाराला मी ज्या उस्तादांकडे काम शिकलो त्यांच्याकडे मीटर एकच होता आणि तो ते कुणाच्या हाती देत नसत. ते म्हणायचे, उंगली लगा और गिन. चालू सेटमधल्या ट्रान्झिस्टरला बोट लावायचं आणि मनात आकडे मोजायचे. दहापर्यंत बोट टिकलं तर माल ठीक. पाचाला काढावं लागलं तर कुठंतरी गडबड आहे. आणि लावल्याबरोबर हात उडाला तर आधी स्विच बंद करायचा आणि मग बोट फुंकायचं. हा क्रम चुकलेले दोन शागीर्द मी पाहिले आहेत. एकानं पुढे किराणा दुकान टाकलं.

त्या काळी आमच्या भागातली वीज म्हणजे लहरी कारभार होता. दिव्याला दोनशे तीस व्होल्ट हवेत, पण संध्याकाळी शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की एकशे साठ यायचे, टीव्हीतली बातमी सांगणारी बाई बारीक होत होत नाहीशी व्हायची. मोटारी बंद झाल्या की दोनशे सत्तर, आणि बाई पडद्यात मावायची नाही. त्यामुळे माझा स्टॅबिलायझरचा धंदा बरा चालला. लोकांना एवढं मात्र चांगलं समजलं की व्होल्टेज कमी पडलं की यंत्र रुसतं आणि जास्त झालं की जळतं. हेच ज्ञान पुढे कॉम्प्युटर आल्यावर आम्हाला नडलं.

पहिले कॉम्प्युटर आले ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यांत. एका जिनिंगच्या मुनीमजींनी मला बोलावलं, मशीन दर अर्ध्या तासानं बंद पडतं म्हणून. जाऊन पाहतो तर कापसाची तूस आत जाऊ नये म्हणून त्यांनी चालू कॉम्प्युटरला वरून प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, त्यावर रजई, आणि रजईवर हळदकुंकू. मी म्हटलं, मुनीमजी, याला श्वास घेऊ द्या. ते म्हणाले, “सर्दी हुई तो कौन जिम्मेदार?” एसीच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवतात हे त्यांनी ऐकलं होतं आणि त्यावरून त्याला थंडी सोसते की नाही याची त्यांना काळजी लागली होती. रजई काढली आणि माझी फी घेतली. इतकी सोपी कमाई पुन्हा कधी झाली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो, बिस्किटाएवढा. सगळा हिशोब तोच करतो. तो किती वेगानं करायचा हे कारखान्यानं ठरवून दिलेलं असतं. पण ज्या पाटीवर तो बसतो त्या मदरबोर्डवर डाळीच्या दाण्याएवढ्या काळ्या टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. त्या उचलून शेजारच्या काड्यांवर बसवल्या की प्रोसेसर जास्त पळायला लागतो. एकशे सहासष्ट मेगाहर्ट्झचा दोनशे होतो, दोनशेचा दोनशे पंचवीस. एक पैसा खर्च नाही. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हैदराबादहून आणलेल्या एका जुन्या मासिकात मी हे वाचलं आणि मला दोन दिवस जेवण गोड लागेना.

बंडीत मावतो त्याच्यापेक्षा जास्त कापूस भरण्यासारखाच हा प्रकार. बैल ओढतात, पण घामाघूम होतात. वेग वाढवला की प्रोसेसर अडखळतो, म्हणून त्याला थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. भिंतीतून येणाऱ्या दोनशे तीस व्होल्टांशी याचा संबंध नाही. प्रोसेसरला लागतात दोन पॉइंट आठ व्होल्ट, टॉर्चच्या दोन सेलांपेक्षाही कमी. त्याच्यावर एक दशांश चढवला तर चालतं, दोन दशांश म्हणजे छातीवर हात ठेवून. त्यापुढे जायचं नाही. कारण व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढवलं तर उष्णता वीस टक्क्यांच्या वर वाढते, आणि पळण्याची उष्णता वेगळी. वरून बसवलेला अॅल्युमिनियमचा दात्यांचा ठोकळा आणि छोटा पंखा ती उष्णता ओढून घेतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. प्रोसेसरचं अंग सत्तर अंशांपर्यंत तापलं तर चालतं, त्यापुढे तो हिशोब चुकायला लागतो, मग गोठतो, आणि नाद सोडला नाही तर मरतो.

मी पहिला मारला तो माझाच. मदरबोर्डवर जंपरचा तक्ता इतक्या बारीक अक्षरांत छापलेला होता की दोन पॉइंट नऊ समजून मी तीन पॉइंट तीनवर टोपी बसवली. स्टॅबिलायझर जळताना निदान ठिणगी देतो, आवाज करतो, घरातली बायकामाणसं धावत येतात. प्रोसेसर गुपचूप गेला. पडदा काळा झाला तो झालाच. मी अर्धा दिवस पडद्याची केबल तपासत बसलो.

मग मी ठरवलं की तापमान नीट मोजायचं. मोजायचं कशानं? ओळखीच्या डॉक्टरांकडून तापाचा थर्मामीटर मागून आणला. महिना मेचा होता. मी तो टेबलावर ठेवला आणि चहा पिऊन आलो, तर टेबलाला एकशे सात ताप. प्रोसेसरला लावायच्या आधीच थर्मामीटर संपला होता. डॉक्टरांना तो परत दिला आणि पुन्हा उस्तादांच्या विद्येवर आलो. बोट लावायचं आणि मोजायचं.

या विद्येच्या जोरावर मी इचोड्याच्या जनार्दन महाराजांच्या कॉम्प्युटरचा वेग वाढवून दिला. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

महाराज मूळचे आमच्या बेला भागातले, आमच्याच गावचे. इचोड्याला हायवेच्या कडेला घर बांधून त्यांनी समोरच्या खोलीत कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचं काम सुरू केलं होतं. जन्मवेळ सांगा, कुंडली घ्या. मुलामुलीच्या दोन पत्रिका टाकल्या की मशीन छत्तीसपैकी गुण सांगायचं. अठराच्या वर आले तर लग्न जमवायला हरकत नाही, खाली आले तर नारळ उचलून घरी. ट्रकवालेसुद्धा गाडी उभी करून शनी कुठं आहे ते विचारून जायचे.

आमच्या बौद्ध घरात पत्रिका पाहत नाहीत. माझं लग्न झालं तेव्हा गुण फक्त सासऱ्यांनी पाहिले, तेही लांबून. तरी महाराजांच्या मशीनची देखभाल माझ्याकडे होती आणि मला त्याचा अभिमान होता. का होता ते सांगूनच टाकतो. गावात महाराजांच्या वडिलांच्या घराला उंच ओटा होता. माझा बाप त्या ओट्याखाली उभा राहून वर पाहत बोलायचा. आणि मी महाराजांच्या नव्या घरात सरळ आत जायचो, खुर्चीवर बसायचो, आणि ग्रहताऱ्यांचं यंत्र उघडून त्याच्या पोटात हात घालायचो. महाराज शेजारी टॉर्च धरून उभे राहायचे. माणूस सज्जन होता, हे सगळं त्यांना सहज होतं. मला सहज नव्हतं. त्या घरात माझं काम चुकता कामा नये, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

हिवाळ्यात महाराजांनी मला बोलावलं. आदिलाबादला कुणीतरी नवा कॉम्प्युटर आणला होता आणि तिथं पत्रिका चटकन निघत होती. “उत्तमभाऊ,” महाराज म्हणाले, “माह्या मशीनले जरा पळवा ना. लोक घड्याळ पाहून राह्यले.”

मला पक्कं माहीत होतं की वेळ मशीन खात नव्हतं, प्रिंटर खात होता. त्यांचा प्रिंटर करकर करत एकेक ओळ छापायचा, जशी काय प्रत्येक ओळ त्याला पटवून द्यावी लागत होती. खरं तर मी तेवढंच सांगून चहा पिऊन परत यायला हवं होतं. पण मासिक वाचल्यापासून माझे हात शिवशिवत होते. मी जंपर हलवले. एकशे सहासष्टचा दोनशे पंचवीस केला, व्होल्टेज दोन पॉइंट नऊ. एका तासानं ठोकळ्याला बोट लावलं आणि दहापर्यंत आरामात मोजलं. महाराजांनी पेढा दिला. पत्रिकेला आधी जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागत होता, पण दोघांनाही ती लवकर निघाल्यासारखी वाटली.

उन्हाळा लागला. चैत्रात एक दिवस महाराजांचा फोन आला की मशीन मधेच गोठलं होतं, पण पुन्हा चालू केल्यावर ठीक आहे. दहा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी त्यांचा आवाज खाली होता. दोन्ही वेळा एकाच स्थळाच्या पत्रिका जुळवताना ते गोठलं होतं. मुलगी बेल्याच्या शाळेत शिकवणारी सुमन, मुलगा त्याच शाळेतला मास्तर, विलास. घरच्यांची पसंती झालेली, फक्त गुण पाहायचे राहिलेले. दोन्ही नावं टाकली की पडदा थिजायचा. बाकी पंधरा लोकांच्या पत्रिका त्याच मशीननं बिनतक्रार काढल्या होत्या. नवरदेवाच्या मामांनी सांगितलं होतं की अजून एक वेळ पाहू, तिसऱ्यांदा बंद पडलं तर ही वरची खूण समजायची आणि दुसरी मुलगी पाहायची. दुसरी मुलगी मामांच्या पाहण्यातली होतीच.

मी महाराजांना लाइनचा प्रॉब्लेम असेल असं सांगितलं. आमच्या धंद्यात काही सुचलं नाही की लाइनचं नाव घेतात. लाइन कधी उलटून बोलत नाही.

चार-पाच दिवसांनी सुमनबाई स्वतः माझ्या दुकानात आल्या. शाळेच्या कामासाठी आदिलाबादला आल्या होत्या. सडसडीत मुलगी, खांद्याला पर्स, हातात हजेरीपटांचा गठ्ठा. मी रिवाजाप्रमाणे दुकानाबाहेर आलो. त्यांनी सरळच विचारलं की महाराजांच्या मशीनला मी काही केलं आहे का. मी म्हटलं, मी हात लावलेलं मशीन बिघडत नाही.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “ते मशीन सकाळी बराबर चालते अन् आमी गेलो का बंद पडते. ग्रह काय दुपारच्या बसनं येतात?”

मास्तरीणबाईंचा प्रश्न होता, उत्तर येत नसलं तर उभं राहावं लागणारा. मी उभाच होतो. मी लाइनचं कारण सांगितलं. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, म्हणाल्या की विलाससोबत लग्न झालं नाही तर त्या त्याच शाळेत, त्याच्या शेजारच्या वर्गात, जन्मभर शिकवणार आहेत, मधली भिंत पातळ आहे. एवढं बोलून त्या गेल्या. मला अजून लाज वाटते की मी तेव्हा तोंड उघडलं नाही. दुपार, उन्हाळा, दोनशे पंचवीस, सगळं माझ्या समोर होतं. पण ज्यांच्या ओट्याखाली बाप उभा राहिला त्यांच्या घरात जाऊन माझं काम चुकलं असं सांगायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

म्हणून मी एक चोरवाट काढली. तिसऱ्या बैठकीच्या दिवशी पाहुण्यांच्या आधी इचोड्याला पोहोचायचं, साफसफाईच्या निमित्तानं मशीन उघडायचं आणि टोप्या गुपचूप जुन्या जागी बसवायच्या. मशीन चाललं असतं, लग्न जमलं असतं, आणि उत्तम इलेक्ट्रॉनिक्सची पाटी तशीच राहिली असती. बेत उत्तम होता. पण हायवेवर एक ट्रक आडवा झाला आणि आमची बस दीड तास उन्हात उभी राहिली. मी पोहोचलो तेव्हा पाहुणे बसले होते आणि महाराजांचं मुलाचं नाव टाकूनसुद्धा झालं होतं.

खोलीत गादीवर नवरदेवाचे मामा, त्यांच्या शेजारी मुलाचे वडील, आणि कोपऱ्यात सुमनचे वडील नामदेवराव, गुडघ्यांवर हात ठेवून. सुमनबाई आतल्या खोलीत महाराजांच्या घरातल्या बायकांबरोबर होत्या. बाहेर आग ओतल्यासारखं ऊन. आणि मला एक गोष्ट दिसली जी मी हिवाळ्यात पाहणं शक्यच नव्हतं. महाराजांचा कूलर.

एरवी तो कूलर कॉम्प्युटरच्या टेबलाकडे तोंड करून असायचा, कारण महाराज तिथे बसायचे. साधं गिऱ्हाईक बाहेरच्या बाकावर बसायचं. पण वरपक्ष आला की त्याला आत गादीवर बसवायचं आणि कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवायचं, ही आमच्याकडची रीत. वरपक्षाला घाम आला म्हणजे मुलीकडच्यांची अब्रू गेली. नामदेवरावांनी तीनही वेळा स्वतः उठून कूलर फिरवला असणार. मामांच्या टोपीला गार वारा लागत होता आणि प्रोसेसर बिचारा बंद डब्यात, कापसाची तूस अन् उदबत्तीची काजळी साचलेल्या पंख्यासह, दोनशे पंचवीसनं पळत होता.

माझ्या डोक्यात सगळं एकदम बसलं. प्रोसेसर खोलीपेक्षा अमुक इतके अंश जास्त तापतो, ते अंश थंडीत काय, उन्हाळ्यात काय, सारखेच. हिवाळ्यात खोली पंधरा अंशांवर, तेव्हा त्याला मोकळं रान. मेमध्ये खोलीच त्रेचाळीसवर, त्यावर त्याची स्वतःची उष्णता. जो तापमानाचा हिशोब मी हिवाळ्यात केला तो हिवाळ्यापुरताच खरा होता. मी महाराजांना थांबा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं आणि पडदा थिजला.

मामांनी टोपी सारखी केली आणि ते उठले.

“झालं,” ते म्हणाले. “तीन खेपा झाल्या. वरच्याले मंजूर नाही, त्याले आपुन काय करता. चला.”

नामदेवराव उठले नाहीत. ते कोपऱ्यात तसेच बसून राहिले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले, कितीतरी वेळ, तोंड कोरडं झालं तरी. आतल्या दारात सुमनबाईंची सावली होती. मला त्या माणसाकडे पाहवेना.

“मामा, बसा,” मी म्हटलं. “वरच्यानं काही केलं नाही. हे मी केलं.”

मग मी सगळं सांगितलं. महाराजांच्या देखत, त्या घरात. वेग मी वाढवला, गरज नसताना वाढवला, थंडीत तपासला आणि उन्हाळ्याचा विचार केला नाही. महाराज माझ्याकडे पाहत राहिले. मामांना मात्र यातलं काही पटलं नाही. पत्रिका थांबवायला शनी पुरतो, त्यासाठी उत्तम इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही, असं त्यांचं साधारण म्हणणं होतं. मी मशीन उघडलं, ठोकळ्याला बोट लावलं आणि मोठ्यानं मोजून दाखवलं. आठाला काढलं.

“पाहा, आठालाच काढावं लागलं,” मी म्हटलं. “लावा बोट.”

मामांनी बोट लावलं. एक म्हणायच्या आतच त्यांचा हात वर गेला, टोपी खाली गेली, आणि तोंडातून जे शब्द बाहेर पडले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. आतल्या बायकांनी गार पाण्याचं तांब्याभांडं बाहेर पाठवलं. मामांनी बोट भांड्यात बुडवलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की खरी शनीची दृष्टी ती.

मी मात्र वेगळ्याच विचारात पडलो होतो. जिथं मी आठ मोजले तिथं मामांचा एकसुद्धा झाला नव्हता. वीस वर्षं सोल्डरिंगचे चटके खाऊन माझ्या बोटाची कातडी निबर झाली होती. म्हणजे माझे दहा हे माझे दहा होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते. वीस वर्षं मी लोकांना माल ठीक आहे म्हणून सांगत आलो होतो, तो खरं म्हणजे किती तापलेला होता देव जाणे. उस्तादांचं बोटही तसंच असणार. आमची सगळी विद्या दोन निबर बोटांवर उभी होती.

पण हे सगळं मनातल्या मनात. मी ब्रशनं पंखा साफ केला, टोप्या जुन्या जागी बसवल्या, एकशे सहासष्ट, दोन पॉइंट आठ. मग कूलर धरला आणि त्याचं तोंड वरपक्षाकडून काढून मशीनकडे फिरवलं. नामदेवराव अर्धे उठले, जसं काय मी पाहुण्यांच्या पुढचं ताट उचललं. मी त्यांना हातानं बसवलं. मामांच्या कपाळावर घाम आला, पण बोट जळालेलं असल्यामुळे घामाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

महाराजांनी पुन्हा दोन्ही नावं टाकली. पडदा थिजला नाही. आकडे आले आणि प्रिंटर करकरायला लागला. इतक्या निवांतपणे तो प्रिंटर कधी चालला नसेल. शेवटी कागद बाहेर आला, महाराजांनी फाडून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

मी त्यांच्या मागे उभा होतो, मलाही दिसलं. छत्तीसपैकी चौदा.

महाराजांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. नामदेवराव त्यांच्या ओठांकडे पाहत होते. मामाही भांड्यातलं बोट काढून तिकडेच पाहत होते. मी नुकतंच सगळ्यांसमोर छातीठोकपणे दाखवून दिलं होतं की आता मशीन चोख आहे, आता त्याच्यात खोट नाही. वीस वर्षांत एखाद्या कामाबद्दल मी इतक्या खात्रीनं बोललो नव्हतो.

महाराज वळले आणि त्यांनी अगदी सावकाश विचारलं, “उत्तमभाऊ, मशीन आजूक गरमच असंन ना?”

मी वाकून ठोकळ्याला बोट लावलं. कूलरच्या वाऱ्यात तो माठासारखा गार पडला होता. निबर बोटालासुद्धा ते कळत होतं. महाराजांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत मला कुठं ओटा दिसला नाही. दोन कारागीर अडचणीत सापडले होते, एवढंच होतं.

“गरम हाय, महाराज,” मी म्हटलं. “एकदा तापलेली चिप हिशोब चुकवते. याचा आकडा धरू नका. माह्या कामाचा काही भरवसा नाही.”

हे सगळंच्या सगळं खोटं नव्हतं. तापलेली चिप हिशोब चुकवते हे खरंच आहे. फक्त ही तापलेली नव्हती.

“मले इचारा ना,” मामा भांड्यातून बोट दाखवत म्हणाले. “भट्टी हाय ती. तिच्यावर काय लग्न ठरवता. महाराज, तुमी आपलं हातानं करा, जुन्या रीतीनं.”

महाराजांनी तो कागद घडी करून माझ्या खिशात सारला, कपाटातून पंचांग काढलं, पाटी घेतली आणि मांडी घालून बसले. पाऊण तास त्यांनी आकडेमोड केली. मधे दोनदा पुसलं. आणि बावीस गुण जुळतात असं जाहीर केलं. महाराजांचा हिशोब चुकला, की त्या मशीनचाच चुकला होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही मला त्या ठोकळ्याबद्दल कधी विचारलं नाही. गूळ वाटला गेला. मला पहिला खडा महाराजांनी दिला.

त्या दिवसानंतर इचोड्यात बोभाटा झाला की आदिलाबादचा उत्तम मेस्त्री मशीनची भट्टी करतो. जवळच्या बोथ गावच्या दोन गिऱ्हाइकांनी आपली मशीनं परत नेली, एक जण तर जाताना माझ्या देखत मशीनला हात लावून पाहून गेला. माझ्या तोंडूनच बाहेर पडलेलं होतं, कुणाला दोष देणार. पुढे वेगाच्या नादाला मी लागलो नाही. कुणी फारच मागे लागलं तर मेमध्ये या म्हणायचो.

त्या दिवशी संध्याकाळी मी इचोड्याच्या बसस्टँडवर उभा होतो. नामदेवराव आणि सुमनबाईही त्याच बससाठी आले. नामदेवरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ते माझ्यासाठी भजी आणायला गेले. ते लांब गेल्यावर बाई म्हणाल्या, “भाऊ, प्रिंटरचा आवाज मी आतून आयकला. कागद कुठं हाय?”

मी म्हटलं, फाटला. त्यांनी हात पुढे केला, वर्गात चिठ्ठी मागतात तसा. मी खिशातून कागद काढून दिला.

त्यांनी तो उघडला, शेवटच्या ओळीवर बोट नेलं आणि थांबल्या. महाराजांचा हिशोब खरा, हे यंत्र आहे, यंत्राचं काय, असं काहीतरी मी पुटपुटायला लागलो. त्यांनी ऐकलंच नाही.

“चौदा?” त्या म्हणाल्या. “आमचं तं शाळेत रोज भांडण व्हते, भाऊ. मले वाटलं व्हतं, सात-आठ येतीन.”

आणि त्यांनी कागदाची नीट घडी घातली, विलासला दाखवायचा म्हणून पर्समध्ये ठेवला, आणि बस येईपर्यंत एकट्याच हसत राहिल्या.